नशीब आणि प्रेमावरची दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म: गावात, मोबाईलवर, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात चित्रकला शिकवतो. गेल्या तीन हिवाळ्यांत पोरापोरींनी सुरू केलेल्या बऱ्याच ॲनिमेशन फिल्म पाहिल्या आणि त्यातल्या बहुतेक अर्ध्यावर सुटलेल्याही पाहिल्या. हात कुणाचाच वाईट नव्हता, क्रम चुकला होता. आधी नायक-नायिकेच्या बाहुल्या कापल्या, त्याच रात्री फोटो काढायला बसले, आणि चारशे फोटो झाल्यावर ध्यानात आलं की शेवट काय करायचा हे ठरलंच नाही. नशीब आणि प्रेम हा विषय त्यात आणखी फसवा. ‘नशिबानं भेटले’ एवढं वहीत लिहिलं की गोष्ट झाली असं वाटतं.

इथे सांगतोय ती पद्धत कागद कापून केलेल्या बाहुल्यांची आहे. बाहुल्या काचेवर आडव्या मांडायच्या, थोडं हलवायचं, वरून फोटो काढायचा. एक मोबाईल, एक काच, दोन दिवे. कॉम्प्युटर असला तर बरं, नसला तरी अडत नाही.

लांबी ९० सेकंद धरा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमनं, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चालतो. आपण एकेक फोटो दोन फ्रेम धरून ठेवतो, म्हणजे सेकंदाला १२ फोटो पुरतात. ९० गुणिले १२ म्हणजे १,०८० फोटो. पाच मिनिटांची फिल्म म्हणजे ३,६००. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका.

१. नशीब कोण आहे, ते आधी ठरवा

नशीब पडद्यावर दिसत नाही. बाहुलीला तोंड देता येतं, कपाळ देता येतं, नशीब देता येत नाही. म्हणून त्याला एक वस्तू किंवा एक माणूस करावा लागतो, आणि तो काय करू शकतो, काय नाही, हे बाहुली कापण्याआधी ठरवावं लागतं.

आपल्याकडे हे काम सोपं आहे, कारण सटवाई घरोघरी माहीत आहे. बाळाची पाचवी पुजताना कोरा कागद आणि टाक ठेवायचा, रात्री सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. या लेखापुरती एक गोष्ट धरू. एकाच दिवशी दोन घरांत बाळं जन्मतात, एक मुलगी, एक मुलगा. सटवाई मुलीच्या कपाळावर लिहायला बसते आणि अर्ध्या ओळीतच दौतीतली शाई संपते. ती शेजारच्या घरी जाते, तिथली दौत भरलेली असते. उरलेली अर्धी ओळ ती मुलाच्या कपाळावर लिहून टाकते. वीस वर्षांनी कापूस वेचताना दोघांची डोकी जवळ येतात, ओळ जुळायला एक बोट अंतर राहतं, आणि मुलीला दुसरीकडे दाखवायला न्यायची गाडी बांधावर येऊन उभी राहते.

आता शेवट. इथेच सगळे घसरतात. वारा येतो, ओढणी उडते, त्याच्या अंगावर पडते, संपलं. नियम एवढाच की योगायोगानं अडचण घालावी, सोडवू नये. सोडवण्याचं काम माणसानं करायचं. आपल्या गोष्टीत मुलगी गाडीत चढण्याआधी डोळ्यातलं काजळ बोटावर घेते आणि स्वतःच्या कपाळावरची ओळ स्वतः पूर्ण करते. मग ती गाडीत चढते की नाही, हे दाखवायची गरजही उरत नाही.

सटवाई नको असेल तर मोजता येईल, सांडता येईल असं दुसरं काही घ्या. पत्रिका जुळवताना ३६ गुण बघतात आणि १८ च्या वर गेले की चालतं म्हणतात. एका पोरानं ते ३६ तुरीचे दाणे केले होते. भटजी मोजतो आहे आणि कोंबडी मधूनच दाणे टिपते आहे. गोष्ट तिथेच तयार झाली.

*तपासा:* पूर्ण गोष्ट पाच वाक्यांत लिहा. ‘नशिबानं’ आणि ‘तेवढ्यात’ हे शब्द वापरायचे नाहीत. ‘अचानक’ एकदाच चालेल, तोही पहिल्या तीन वाक्यांत. लिहिता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

२. हंगाम बघा

उन्हाळ्यात पंखा लावला की बाहुली उडते आणि बंद केला की माणूस बसू शकत नाही. पारा ४५ च्या पुढे गेला की मोबाईलही तापून बंद पडतो. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा वळतात. उरते दिवाळी ते होळी. दिवसा वेचणी असते, तेव्हा काम रात्रीच होणार, आणि तेच बरं. दिवसाचा उजेड दर दहा मिनिटांनी बदलतो, रात्रीचा काळोख बदलत नाही.

खोली अशी घ्या की दहा-बारा रात्री सामान हलवावं लागणार नाही. सारवलेली जमीन उत्तम, हादरत नाही. लाकडी माळा नको. कुणी जिना चढलं तरी फ्रेम हलते.

३. आवाज आधी, चित्र नंतर

बाहुली बोलणार असेल तर तिचं बोलणं आधी रेकॉर्ड झालेलं हवं. फोटो काढून मग त्यावर आवाज बसवायला गेलात तर तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ शोधायची गरज नाही. भाव वाढायची वाट बघत ज्या खोलीत कापूस भरून ठेवलाय, ती गावातली सगळ्यात शांत खोली. कापूस आवाज पिऊन टाकतो, घुमत नाही. गंजीपासून दोन हात अंतरावर बसा, मोबाईल तोंडापासून एक वीत लांब आणि जरा तिरका धरा, माईकवर स्वच्छ मोजा चढवा म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार बसत नाही. अंग खाजतं, त्याला इलाज नाही. काम झाल्यावर आंघोळ करा.

> इशारा: कापसाच्या खोलीत दिवा, मेणबत्ती, उदबत्ती, विडी काहीही नको. उजेडाला फक्त बॅटरी.

वऱ्हाडीत बोलणारी माणसं रेकॉर्डिंग म्हटलं की पुस्तकी मराठी बोलू लागतात. ‘तू का थांबलीस?’ हे आमच्याकडच्या बांधावर कुणी म्हणत नाही. ‘काऊन थांबली वं?’ असंच घ्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे असाल तर झाडीपट्टी नाटकातली माणसं हाताशी आहेत, पण दिवाळीनंतर त्यांचे रात्रीचे प्रयोग सुरू होतात. पावसाळ्यातच विचारून, आवाज घेऊन ठेवा. एक मात्र सांभाळा. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडलेला असतो. ‘शेजारी लेकरू झोपलंय’ असं सांगून बोलायला लावा.

गाणं हवं असेल तर आजीकडून जात्यावरची ओवी म्हणवून घ्या. सिनेमातलं गाणं घेऊ नका. गीत-संगीतावर कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं आणि ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो. फिल्म यूट्यूबवर चढवल्या चढवल्या अडवली जाऊ शकते.

शेवटी त्याच खोलीत कुणीही न बोलता ३० सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. वाक्यांमधल्या फटीत ती भरावी लागते. हे दर वेळी राहून जातं.

४. स्टोरीबोर्ड आणि कच्ची फिल्म

१२ ते १६ शॉट पुरे. प्रत्येक शॉटचं एक काडीमाणसाचं चित्र, जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला. सुंदर काढू नका, सुंदर काढलं की बदलायला जीव होत नाही.

मग प्रत्येक चित्राचा एक फोटो घ्या आणि एडिटिंग ॲपमध्ये आवाजाच्या पट्टीवर हवा तेवढा वेळ मांडा. ही झाली कच्ची फिल्म, हिला ॲनिमॅटिक म्हणतात. एका संध्याकाळचं काम आहे आणि नेमकी हीच पायरी पोरं गाळतात. आपल्या गोष्टीत पहिल्यांदा सटवाईचा शॉट २५ सेकंदांचा झाला होता, कारण लिहिताना तो आवडता होता. ॲनिमॅटिक लावल्यावर कळलं की वेचणीला जेमतेम १२ सेकंद उरताहेत. सटवाई ११ सेकंदांवर आणली. हे फोटो काढून झाल्यावर कळलं असतं तर १६८ फोटो वाया गेले असते.

*तपासा:* गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला ॲनिमॅटिक दाखवा. काही समजावू नका. तीन प्रश्न विचारा: कपाळावर कोण लिहितंय? ओळ का अर्धी राहिली? शेवटी ओळ कुणी पुरी केली? तिसऱ्याचं उत्तर चुकलं तर शेवटचे शॉट बदला.

५. बाहुल्या

जाड कागद विकत आणू नका. गावात लग्नपत्रिकांचा तोटा नाही, आणि विषयालाही शोभतं. जुन्या पत्रिकांवरचा गणपती कापून आधी बाजूला ठेवा, घरातली म्हातारी माणसं नाहीतर कात्री हातातून काढून घेतात. सोनेरी छपाई दिव्याखाली चमकते म्हणून मागची बाजू वर घ्या. आणि वापरण्याआधी दोन्हीकडची नावं बघा. आमच्या एका शॉटमध्ये मुलाच्या उघडलेल्या हाताखाली खऱ्या नवरदेवाचं नाव गावासकट वाचता येत होतं. ६० फोटो पुन्हा काढले.

प्रत्येक पात्राच्या दोन बाहुल्या लागतात. लांबच्या शॉटसाठी पूर्ण अंगाची १५ सेंटीमीटरची, जवळच्यासाठी नुसतं डोकं-खांदे, डोकं १० सेंटीमीटरचं. सांधे असे: मान, खांदे, कोपर, कंबर, मांड्या, गुडघे. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून सुई आरपार घाला, दोऱ्याला दोन्हीकडे गाठ मारा. गाठ इतकी घट्ट हवी की सोडल्यावर हात आहे तिथेच राहील. ढिला सांधा म्हणजे रात्रभर शिव्या.

कापलेल्या कडेला कागदाचा पांढरा काठ दिसतो. काळ्या स्केचपेननं कड रंगवून घ्या, पाच मिनिटांत बाहुली जिवंत वाटते.

तोंडं पाच करा: मिटलेलं, अर्धवट, ‘आ’, ‘ओ’ आणि ‘ई’. डोळे वेगळे कापा, बुबुळ सुईच्या टोकानं सरकवता येईल असं. कपाळ रिकामं ठेवा. ओळ वेगळ्या पारदर्शक प्लास्टिकवर काढून वर ठेवायची, म्हणजे ती थोडी थोडी उमटताना दाखवता येते.

६. काच, दिवे, मोबाईल

जमिनीवर पार्श्वभूमीचं चित्र. चार कोपऱ्यांना एकेक आडवी वीट, विटांवर पाच मिलिमीटरची काच, कडांना चिकटपट्टी. बाहुल्या काचेवर. मधल्या अंतरामुळे बाहुलीची सावली चित्रावर गडद पडत नाही आणि पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं, शेत खरंच मागे आहे असं वाटतं.

काचेवर ४० बाय २२.५ सेंटीमीटरची चौकट आखा. हेच १६:९ चं माप. दोन स्टुलांवर आडवी फळी ठेवा, मोबाईल तिच्यावर स्क्रीन वर करून झोपवा, कॅमेरा फळीच्या कडेबाहेर. चौकट स्क्रीनमध्ये नीट बसेल इतकं वर-खाली करा. सगळं बसलं की फळी, स्टूल, काच, विटा यांच्याभोवती खडूनं खुणा करा.

उजेड ही खरी डोकेदुखी. रात्री शेतातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि बल्ब मंद होतो. एका शॉटमधले पहिले २० फोटो पांढरे आणि पुढचे पिवळट आले तर फिल्म लुकलुकते. उपाय स्वस्त आहे: पॉवर बँकेवर चालणारे दोन यूएसबी एलईडी. वीज गेली तरी फरक पडत नाही. एक डावीकडून, एक उजवीकडून, दोन्ही ४५ अंशात. डोक्यावरून एकही नको, काचेत दिसतो. मोबाईलचं प्रतिबिंब दिसलं तर काळ्या कापडाला भोक पाडून ते फळीखाली ताणा.

मोबाईलच्या सेटिंग या क्रमानं:

- एरोप्लेन मोड. फोन आला की मोबाईल थरथरतो आणि शॉट गेला.
- फोकस हातानं लावून कुलूपबंद.
- एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) कुलूपबंद. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १०० च्या आसपास, शटर १/५० सेकंद.
- वाइड लेन्स नको, कडेची बाहुली वाकडी दिसते.
- स्क्रीनला बोट लावून फोटो नको. वायरच्या इअरफोनचं आवाज वाढवायचं बटण बहुतेक ॲपमध्ये शटरचं काम करतं.

ॲप स्टॉप मोशन स्टुडिओसारखं घ्या, ज्यात आधीचा फोटो फिकट दिसत राहतो. किती हलवलं ते त्यावरूनच कळतं.

*तपासा:* काहीही न हलवता २४ फोटो काढा आणि चालवून बघा. चित्र दगडासारखं स्थिर हवं. लुकलुकलं किंवा थरथरलं तर कारण आज रात्रीच शोधा.

७. फ्रेमतक्ता

मोठ्या वहीत रकाने आखा: फोटो क्रमांक, आवाज, मुलीचं तोंड, मुलीचे डोळे, मुलाचं तोंड, मुलाचे डोळे, शेरा. मग आवाज हळू करून ऐका आणि कोणता उच्चार कितव्या फोटोवर येतो ते भरा.

‘काऊन थांबली वं?’ हे आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सव्वा सेकंदाचं, म्हणजे १५ फोटोंचं निघालं. का: १ ते ३, ‘आ’चं तोंड. ऊ: ४–५, ‘ओ’चं. न: ६, अर्धवट. थां: ७ ते ९, ‘आ’. मग १०–११ मिटलेलं, कारण ‘थांब’ लिहिताना अनुस्वार असला तरी बोलताना तिथे ‘म्‌’ आहे, आणि म-ब दोन्हीला ओठ मिटतात. ली: १२–१३, ‘ई’. वं: १४–१५, अर्धवट.

प, फ, ब, भ, म या पाचांना ओठ मिटलेच पाहिजेत. बाकी अक्षरं थोडी इकडेतिकडे झाली तर प्रेक्षक माफ करतो, ही पाच चुकली तर आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

८. हालचाल

बाहुली एकदम निघत नाही आणि एकदम थांबत नाही. हात उचलायचा असेल तर २, ४, ६, ६, ४, २ मिलिमीटर अशा टप्प्यांनी. सगळे टप्पे सारखे केले की यंत्र वाटतं. चालताना एका पावलाला सहा फोटो, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. डोक्यावर कापसाचं गाठोडं असेल तर आठ करा आणि मान हलवू नका. ओझं चालीत दिसलं पाहिजे.

प्रेम दाखवताना उलट अडचण होते, पोरं फार हलवतात. मिठी, हात हातात, गोल फिरणारा कॅमेरा. कागदाच्या बाहुलीला हे झेपत नाही. तिला बघणं छान जमतं. आधी बुबुळं सरकतात, तीन फोटोंनी मान वळते, आणखी चार फोटोंनी खांदे. मग पूर्ण थांबा. १२ ते १८ फोटो काहीही नाही, मध्ये एकदा पापणी: अर्धी एक, मिटलेली एक, अर्धी एक. दुसरी बाहुली मात्र त्या वेळात कापूस वेचत राहिली पाहिजे. एकीनं हात थांबवलाय आणि दुसऱ्याला पत्ता नाही, एवढ्यात सगळं कळतं.

स्थिर शॉटला एकच फोटो लांबवता येतो, म्हणून १,०८० पैकी खरे काढावे लागतात त्याहून बरेच कमी. तरी आम्ही दोघं मिळून तीन तासांत १२० च्या पुढे कधी गेलो नाही. एकानं फक्त बाहुली हलवायची, दुसऱ्यानं तक्ता वाचायचा आणि बटण दाबायचं. अदलाबदल नको, हाताची सवय बदलली की चाल बदलते.

> इशारा: शॉट अर्धा सोडून झोपायला जाऊ नका. रात्रीतून पाल, उंदीर किंवा धाकटा भाऊ काचेवरून जातो. तीन तासांत संपेल तेवढाच शॉट घ्या.

> इशारा: प्रत्येक फोटोआधी ‘हात बाहेर’ असं मोठ्यानं म्हणा. आमच्या एका फिल्ममध्ये ४१२ व्या फोटोत माझी दोन बोटं राहून गेली. दाखवताना लहान पोरं ओरडली, ‘सटवाई आली!’ मग तशीच आणखी पाच फ्रेम मुद्दाम काढून सटवाईला हातच केलं. पण ते एकदाच खपतं.

रोज रात्री फोटो पेन ड्राइव्हवर उतरवा. फोल्डरला शॉटचा आकडा द्या: ०१, ०२, ०३. ‘नवीन’, ‘नवीन शेवटचा’, ‘खरा शेवटचा’ अशी नावं देऊन एक अख्खी फिल्म हरवलेली मी पाहिली आहे.

९. जोडणी

इथे फार काही उरत नाही. ॲनिमॅटिकमधलं एकेक काडीचित्र काढा, तिथे खरा शॉट ठेवा. टाइमलाइन (फोटो मांडायची पट्टी) सेकंदाला २४ फ्रेमची, प्रत्येक फोटो दोन फ्रेम. कॉम्प्युटर असेल तर दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चालते, आवाज साफ करायला ऑडॅसिटी. टाक कागदावर ओढल्याचा, बोंड तोडल्याचा, बांगडीचा आवाज वेगळा घ्या. पार्श्वसंगीत त्यानंतर, तेही लागलंच तर. शेवटी १९२० बाय १०८० ची एमपी४.

वऱ्हाडी संवादांना उपशीर्षकं द्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. उपशीर्षकांची एसआरटी फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

१०. दाखवण्याआधी

ज्यांचा आवाज घेतला त्यांची लेखी संमती घ्या, लहान मुलं असतील तर आईबापाची. महोत्सवाला पाठवायचं मनात असेल तर यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांचे नियम वाचा, काहींना आधी कुठेच न दाखवलेली फिल्म हवी असते. मुंबईचा ‘मिफ’ हा महोत्सव माहितीपट आणि लघुपटांसोबत ॲनिमेशनही घेतो, पण तो दोन वर्षांतून एकदा होतो, तारीख बघून ठेवा.

गावात मात्र लगेच दाखवा. शाळेचा प्रोजेक्टर मागा, पडद्याला पांढरं धोतर घ्या आणि चारही बाजूंनी ताणून बांधा. आदल्या रात्री त्याच जागी, त्याच स्पीकरवर एकदा पूर्ण चालवून बघा. मोबाईलवर ऐकू येणारी ओवी मोकळ्या अंगणात ऐकू येईलच असं नाही.